आमच्या घरात दात कोण खातं?

हे कुणाला सांगायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. पण आमची वैशाली हळदीकुंकवापासून भाजीच्या गाडीपर्यंत सगळीकडे सांगत सुटली आहे. म्हटलं, दुसऱ्याकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी. हसू आलं तर खुशाल हसा, फक्त बोलताना माझ्या दातांकडे बघू नका. अजून लाज वाटते हो!

तर मी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर. बायको वैशाली, मुलगी सई नववीत. सई दिल्लीतच वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे "बाबा, तुम्ही बिल्कुल ऐकत नाही यार" इतपत. आणि माझा स्वभाव असा, की कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधून काढल्याशिवाय चैन पडत नाही. ऑफिसात ह्याचं कौतुक होतं. घरी ह्या खोडीने माझा घात केला.

सुरुवात हिरड्यांपासून झाली. ब्रश केला की बेसिन लाल. मग एक दाढ हलायला लागली. म्हणजे जिभेने ढकलली की चक्क आतबाहेर! घाबरलो ना मी. आमच्या वडिलांना पन्नाशीतच कवळी लागली होती, आणि ती ग्लासातल्या पाण्यात ठेवलेली बघून मी लहानपणी जेवत नसे. म्हटलं, हे आपल्या नशिबी नको.

सरकारी पॅनेलवरच्या दातांच्या दवाखान्यात एक पंजाबी डॉक्टरबाई आहेत. वयाने माझ्याहून लहान, पण आवाज हेडबाईंचा. त्यांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, हिरड्यांचा आजार आहे, खालचं हाडही थोडं झिजलंय. मग तोंड बधिर करून हिरड्यांच्या आतपर्यंत खरवडून सफाई केली. ती चालू असतानाच त्यांनी विचारलं, "सर, रात को नींद में दाँत पीसते हो?"

मी बोळे भरलेल्या तोंडाने मान हलवली. नाही.

"घर में पूछना. देखो, मसूड़े मैं ठीक कर दूँगी. पर ज़मीन पक्की करने से क्या होगा, अगर कोई रात भर खूँटा हिलाता रहे? आधी मेहनत बेकार."

किती सोपं सांगितलं बघा! दात खाल्ल्याने हिरड्यांचा आजार होतो असं नाही, पण एकदा हिरड्या आणि हाड कमजोर झालं, की रात्रभराचा तो दाब दाताला सोसत नाही. दोन्हीचा इलाज एकत्र करायचा. मला शंभर टक्के पटलं. फक्त हे सगळं दुसऱ्या कुणासाठी चाललंय असं मला वाटलं.

घरी विचारलं का? मुळीच नाही. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं, "हाँ मॅडम, पूछा. कोई नहीं पीसता."

मग मे महिना आला आणि त्याबरोबर प्रसाद आला.

प्रसाद म्हणजे वैशालीच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. गाव सेलू. यूपीएससीची तयारी करायला दिल्लीत आलेला. दिल्लीतल्या मराठी घराला असा एक तरी भाचा-पुतण्या असतोच, तसा हा आमचा. इतके दिवस तो मित्राबरोबर एका बिनखिडकीच्या खोलीत राहायचा. प्रीलिम्स तोंडावर आली, आणि ह्या वेळी नाही निघाली तर वडील गावी दुकानावर बसवणार, असं ठरलेलं. म्हणून अक्काने फोन केला.

"सुधीरराव, परीक्षेपर्यंत लेकराला तुमच्याकडे ठेवून घ्या. चार घास घरचे आणि रात्रीची शांत झोप, दुसरं काही मागत नाही मी."

"अक्का, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो. "त्याच्या झोपेची जबाबदारी माझी!"

हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात माझे.

त्याच आठवड्यात आमच्याकडे एसी आला. इतकी वर्षं बेडरूमच्या खिडकीत कूलर होता. दिल्लीचा कूलर म्हणजे काय सांगायचं, घरात हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज! नवा एसी मात्र एकदम गुपचूप. चालू आहे की बंद, हे हात वर करून बघावं लागतं. आणि घरात एसी एकच असला की उन्हाळ्यात सगळं घर एका खोलीत येतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पलंगावर भिंतीकडे सई, मध्ये वैशाली, कडेला मी, आणि माझ्या बाजूला खाली गादीवर प्रसाद.

पहिल्याच सकाळी वैशाली चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, रात्री कुणीतरी दात खात होतं. कर्र कर्र! अंगावर काटा आला माझ्या."

"मी पण ऐकलं," सई म्हणाली. "सो क्रीपी, यार."

"लाइट लावला तर बंद," वैशाली म्हणाली. "तुमच्याच बाजूने येत होता आवाज. मला वाटलं, तुम्हीच."

"मी?" मी कप खाली ठेवला. "अगं, ज्या माणसाच्या हिरड्यांचा इलाज चाललाय, ज्याची दाढ हलतेय, जो मऊ भात खाऊन दिवस काढतोय, तो दात कशाने खाणार? दात खायला आधी दात जागेवर तर हवेत!"

मला चेव आला.

"आता नीट विचार कर. इतकी वर्षं संसार केलास माझ्याबरोबर. कधी ऐकलास हा आवाज?"

"नाही बुवा."

"मग ह्या आठवड्यात घरात नवीन काय आलं?"

तिघांनीही एकदम प्रसादकडे बघितलं. तो बिचारा पोह्यांचा घास तोंडाशी धरून थांबला होता. एसीकडे कुणी बघितलं नाही. मी तर नाहीच नाही.

"काय रे प्रसाद, टेन्शन आहे का परीक्षेचं?" मी अगदी मायेने विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, वैशालीकडे बघितलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "असेल काका."

झालं! आरोपीने गुन्हा कबूल केला. आणखी काय पाहिजे?

आता आपल्याकडे झोपेत दात खाल्ले की लोक काय म्हणतात? पोटात जंत झाले! माझी आई आम्हा भावंडांना ह्याच गुन्ह्यासाठी वावडिंगाचं पाणी पाजायची. डॉक्टरबाईंनी जबड्याचं, ताणाचं सगळं समजावून सांगितलेलं असताना मला आठवलं काय, तर वावडिंग! तसाच आयएनए मार्केटला गेलो. वावडिंगाला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना. मग भर दुकानात, पोटावर हात फिरवून, "वो पेट के कीड़ों वाला, काला काला दाना," असं मोठ्याने समजावलं.

"अच्छा, बायविडंग! बच्चा कितने का है?" दुकानदाराने विचारलं.

"चौबीस."

"महीने?"

"साल."

दुकानदाराने पुडी बांधताना माझ्याकडे असं काही बघितलं, की मी सुट्टे परत घ्यायलाही थांबलो नाही.

प्रसादला रोज सकाळी वावडिंगाचं पाणी सुरू झालं. वर केमिस्टकडून जंतांच्या गोळ्या. तो "बरं काका" म्हणायचा आणि नाक न दाबता पिऊन टाकायचा. पण फरक? शून्य! उलट त्याचे डोळे लाल दिसायला लागले, चेहरा ओढला, दुपारी पुस्तकावर मान टाकून पेंगायचा. सराव परीक्षेचे मार्कही घसरले.

"बघ," मी वैशालीला म्हणालो, "हीच लक्षणं. जंत अंगाला काही लागू देत नाहीत."

आणि मग मी अक्काला फोन केला. करायची काही गरज होती का, सांगा! पण जबाबदारी घेतली होती ना मी.

"अक्का, घाबरू नका, पण प्रसादला जंत झालेत. झोपेत दात खातो. सगळ्या घराला झोप नाही."

अक्का दबक्या आवाजात म्हणाली, "अगंबाई! लहानपणी कधी खात नव्हता हो तो. बाहेरचं खाऊन झालं असेल. तुम्हाला किती त्रास, सुधीरराव!"

"त्रास कसला अक्का, आपलंच लेकरू," मी म्हणालो. वा रे मी!

दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी सेलूत सगळ्या भावकीत पोचली. प्रसादला एका मामाचा फोन आला, एका आत्याचा आला, कुणीतरी कडू कारल्याचा रस सुचवला. पोरगा फोन घेऊन गॅलरीत जायचा आणि तिथून हळूच "हो, घेतो, हो, घेतो" असं ऐकू यायचं.

शेवटी वैशाली वैतागली. "अहो, माझी झोप गेली, सईची गेली. काहीतरी करा."

मी केलं. प्रसादला हॉलमध्ये हलवला. जुना कूलर तिथे होता, पण त्याची मोटर एव्हाना जळली होती. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत पोराला नुसत्या पंख्याखाली झोपवला. एसीची थोडी हवा जावी म्हणून मधलं दार मात्र उघडं ठेवलं. बघा किती मन मोठं माझं!

सकाळी वैशाली म्हणाली, "आवाज आलाच की हो."

"दार उघडं होतं ना. हॉलमधून आला."

"इतका जवळ?"

"रात्री सगळं सामसूम असलं की लांबचा आवाज जवळ वाटतो. हे सायन्स आहे."

वैशालीने एकदा माझ्याकडे रोखून बघितलं आणि कानात घालायला कापूस आणला. सई हेडफोन लावून झोपायला लागली. आणि दोन-चार दिवसांनी प्रसाद सकाळी बॅग भरताना दिसला.

"काका, मी मित्राच्या खोलीवर जातो परत. तुम्हा सगळ्यांना माझा त्रास नको."

वैशालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मलाही भरून आलं हो. अक्काला शब्द दिला होता, परीक्षा जवळ आलेली, आणि पोरगा लाजेपायी ऐन उन्हाळ्यात त्या कोंडवाड्यात चाललाय. दुकानावर बसावं लागलं बिचाऱ्याला, तर कुणाचा दोष? मी म्हटलं, नाही, असं नाही चालणार. ह्याचा पक्का इलाज करायचा.

"थांब. आज संध्याकाळी माझी हिरड्यांची तपासणी आहेच. तू पण चल. डॉक्टरबाई रात्री दातांवर चढवायचं एक गार्ड बनवून देतात. तुला बनवून घेऊ. मग कुठेही झोप."

त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. "बरं काका," म्हणाला.

दवाखान्यात खुर्ची आणि बाहेर बसलेले पेशंट ह्यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. हे मला आधी कधी खटकलं नव्हतं.

"मॅडम, आज मेरा बाद में," मी आत शिरताच जाहीर केलं. "पहले ये मेरा भाँजा. रात को इतने दाँत पीसता है कि पूछो मत! पूरा घर परेशान!"

बाहेर कुणीतरी "च् च्" केलं. प्रसाद खुर्चीत बसला. डॉक्टरबाईंनी दिवा खाली ओढला, आरसा फिरवला, वर-खाली, डावी-उजवी.

"किसने कहा ये पीसता है?"

"मैंने."

"इसके दाँत तो बिल्कुल नए जैसे हैं. एक नोक तक नहीं घिसी." त्या माझ्याकडे वळल्या. "सर, आप बैठिए ज़रा."

"मैं? मॅडम, मेरा तो मसूड़ों का..."

"बैठिए."

बसलो. त्यांनी माझ्या गालांवर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवली आणि दात आवळायला सांगितलं. आवळले. "हाथ लगाइए यहाँ," म्हणाल्या. मी हात लावला. जबड्याचा स्नायू पैलवानाच्या दंडासारखा टरारून फुगलेला! मग हातात आरसा दिला आणि माझेच दात मला दाखवले. मी इतक्या वर्षांत दात घासले, पण बघितले कधी नव्हते. पुढचे सगळे एका रेषेत कापल्यासारखे. मागचे तर सपाट मैदान.

"मसूड़े सुधर गए, फिर भी दाढ़ हिल क्यों रही है, यही मैं सोच रही थी. और आप कहते थे घर में कोई नहीं पीसता. सर, ये महीने-दो महीने का काम नहीं है. सालों की मेहनत है आपकी."

"पर मॅडम, पहले कभी आवाज़..." एवढं बोललो आणि मला एकदम आठवलं.

कूलर! अहो, इतकी वर्षं तो हेलिकॉप्टर माझे दात झाकत होता. हिवाळ्यात वैशाली रजईत डोकं घालून झोपते. ह्या वर्षी पहिल्यांदा बेडरूममध्ये शांतता झाली, आणि त्या शांततेत मी पहिल्यांदा माझ्या बायकोला ऐकू आलो!

तरीही मी शेवटचा प्रयत्न केला. माणूस किती निर्लज्ज असतो बघा. प्रसादकडे वळून म्हणालो, "तू पण खातोस ना रे थोडे? खरं सांग."

प्रसाद कोपऱ्यात उभा होता. चपलेच्या टोकाने फरशी घासत म्हणाला, "काका, तुमचेच होते. मला पहिल्या रात्रीच कळलं होतं. मी खाली जागाच होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या घरी राहायचं, मावशीच्या हातचं खायचं, आणि तुम्हालाच कसं सांगायचं?"

"अरे पण वावडिंग प्यायलास! गोळ्या खाल्ल्यास!"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने आणलं होतंत..."

डॉक्टरबाईंना गोळ्या हा शब्द कळला. "कौन सी गोलियाँ?" मी सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण पडदा तो पडदाच. "आपने इसको कीड़ों की दवाई दी? आपके दाँतों के लिए?" आणि बाहेर जो हशा पिकला म्हणता! एक सरदारजी तर मांडीवर थाप मारून हसत होते. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? मी त्या खुर्चीत आडवा पडून अगदी मनापासून तेच मागत होतो.

त्यांनी माझ्या दातांचं माप घेतलं. गार्ड पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणाल्या, आणि हिरड्यांची सफाई चालूच ठेवायची. मी फक्त मान हलवली. बाहेर पडताना सगळ्या पेशंटनी माझ्यासाठी पाय बाजूला घेतले. एवढा मान मला ऑफिसातही मिळत नाही.

खाली कोपऱ्यावर शिकंजीची, म्हणजे इथल्या लिंबू सरबताची गाडी होती. मी दोन ग्लास घेतले. प्रसादच्या डोळ्यांत बघायची हिंमत होईना. तेच लाल डोळे! ज्यांना मी जंतांचं लक्षण म्हणत होतो, ते माझ्या पायी जागून जागून झालेले. अक्काने फक्त शांत झोप मागितली होती पोरासाठी. त्याची झोप मी घालवली, त्याचे मार्क मी घालवले, आणि वर सगळ्या भावकीत बदनामीही त्याचीच केली. मला खरंच रडू येत होतं.

"चुकलो रे," मी म्हणालो. "माफ कर मला."

"काका, असं काय!" तोच ओशाळला.

म्हटलं, नुसतं तोंडाने माफी मागून भागायचं नाही. तिथेच अक्काला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे आमच्या प्रसादला जंत नव्हतेच?"

"नव्हते, अक्का."

"आणि मी सगळ्या भावकीला सांगितलं ते?"

"मी करतो ना सगळ्यांना फोन. एकेकाला करतो."

"नको," अक्का घाईघाईने म्हणाली. "तुम्ही आता कुणालाच काही सांगू नका, सुधीरराव. हात जोडते."

फोन ठेवला. मनावरचं ओझं जरा हलकं झालं. आता एकच राहिलं होतं. मी प्रसादच्या पाठीवर हात ठेवला.

"चल. बॅग रिकामी कर घरी जाऊन. आजपासून तू पलंगावर, माझ्या जागी. मी खाली झोपतो. परीक्षा होईपर्यंत कुठे हलायचं नाही."

तो ग्लासातला बर्फ हलवत राहिला.

"अजून राग आहे का?"

"छे छे काका, राग कसला!"

"मग? आता सगळ्यांना कळलं, तुझा काही दोष नाही. आता कशाची लाज? कशाला जायचं त्या बिनखिडकीच्या खोलीत?"

"काका, मी लाजून नव्हतो चाललो," प्रसाद अगदी अदबीने म्हणाला. "मी झोपायला चाललो होतो."

त्याने ग्लास गाडीवर ठेवला.

"ते गार्ड नक्की कधी मिळणार म्हणाल्या?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग मी पुढच्या आठवड्यात येतो," तो म्हणाला, आणि भर बाजारात वाकून माझ्या पाया पडला.